बसचा टायर बदलताना

१९५६ साली आपल्या बेटावरील आगगाडीची प्रवासी वाहतूक बंद झाली आणि माणसांची ने-आण बसगाड्यांवर आली. २०२२ पासून मेट्रो क्युरपीपपर्यंत जाऊ लागली असली, तरी शामारेलची चढण चढायची, सहकुटुंब समुद्रावर जायचे किंवा महाशिवरात्रीला गंगा तलाव गाठायचा, तर बसवाचून अजूनही चालत नाही. मोठ्या कंपन्यांच्या जोडीने एखाददुसरी बस बाळगून संसार चालविणारे मालकही आपल्याकडे आहेत. अशा मालकाला सहा टायर एकदम घ्यायचे म्हटले की पोटात गोळा येतो. मग दुकानदार म्हणतो, ‘हा घ्या, थोडा वेगळा आहे पण बसतो.’ हा ‘बसतो’ शब्द नीट तपासून घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेख.

टायरच्या बाजूवर २९५/८० आर २२.५ असे लिहिलेले असते. यातील २९५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ८०, म्हणजे २३६ मिलिमीटर, ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि २२.५ हा रिमचा व्यास इंचांत. वरची व खालची उंची रिमच्या व्यासात मिळविली की टायर सुमारे १०४४ मिलिमीटर उंच भरतो. हाच हिशेब २७५/७० आर २२.५ चा केला, तर उत्तर ९५६ येते. रिम तीच, टायर चढतोही, पण चाक शेकडा आठांहून अधिक लहान झाले. वेगदर्शकाचा काटा ६० वर असताना बस खरोखर ५५ च्याच वेगाने धावते, मैलमापक जास्त किलोमीटर नोंदवतो, आणि त्याच वेगासाठी इंजिनाला अधिक फिरावे लागते.

उलट ३१५/८० घेतला तर चाक १०७६ मिलिमीटरचे होते. पोर्ट लुईहून क्युरपीप म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरांची चढण. मोठ्या चाकाने तीवर बस ओढ धरीत नाही आणि उतरताना ब्रेकची पकडही तेवढी कमी पडते. शिवाय या टायरला निदान ९ इंच रुंदीची रिम लागते, ८.२५ इंचाच्या रिमवर तो चढवू नये. मागच्या जोडचाकांत जास्त रुंद टायर बसविले, तर दोघांमधली फट कमी होते. रिकाम्या गाडीत ती पुरेशी दिसते; पण प्रवासी भरले की टायर जमिनीजवळ फुगतात, एकमेकांना घासतात आणि तापतात. फट पाहायची ती भरलेल्या गाडीची.

जुन्या गाड्यांवर १०.००-२० हा ट्यूबचा टायर असतो. त्याच्या जागी ट्यूबलेस हवा असेल तर उंचीने जवळचा ११ आर २२.५ आहे, पण त्यासाठी रिमही बदलावी लागते. दोन्ही रिमांचा व्यास वेगळा आणि टायरची कड जिथे बसते तिथला उतारही वेगळा. वीस इंची रिमवर साडेबावीसचा टायर बसवून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. त्यात माणसाचा जीव जातो.

आकाराशेजारी १५२/१४८ असे आणखी दोन आकडे असतात. ते भाराचे. १५२ म्हणजे एकटा टायर ३५५० किलो पेलतो; १४८ म्हणजे जोडीतला प्रत्येक ३१५० किलो. त्याऐवजी १४८/१४५ चा टायर पुढे लावला, तर दोन चाके मिळून ७१०० ऐवजी ६३०० किलोच पेलतील. आठशे किलो म्हणजे डझनभर माणसे. किमतीतला फरक बहुधा इथेच दडलेला असतो, म्हणून स्वस्त टायर दिसला की मी आधी हेच आकडे वाचतो.

आता सर्वांत अधिक दुर्लक्षित गोष्ट. जोडीतला एक टायर फाटला, म्हणून त्याच आकाराचा, त्याच कंपनीचा नवा आणला. पण नव्याची नक्षी १५ मिलिमीटर खोल आणि शेजारच्या जुन्याची ५ उरलेली. म्हणजे व्यासात २० मिलिमीटरांचा फरक. दोन्ही चाके एकाच हबला जखडलेली, तेव्हा फेरे सारखेच घेणार. एका फेऱ्यात नवा सुमारे ६३ मिलिमीटर पुढे जाऊ पाहतो. किलोमीटरला साधारण ३१० फेरे धरले तर वीस मीटर झाले. पोर्ट लुई ते क्युरपीप वीस किलोमीटर धरले तर चारशे मीटर! हा कागदावरचा हिशेब. भाराने मोठा टायर थोडा दबतो. पण दबतो म्हणजेच जोडीचा जास्त भार तो एकटा घेतो, आणि लहान टायर रस्त्यावर घासत राहतो. नवा लवकर तापतो, जुना लवकर झिजतो. जोडीच्या व्यासात पाव इंचाहून, म्हणजे सहा मिलिमीटरांहून, अधिक फरक ठेवू नये. मोजायला मोठे यंत्र लागत नाही, शिंप्याची फीत पुरे: दोन्ही टायरांचा घेर मोजावा, फरक १९ मिलिमीटरांपेक्षा कमी भरला पाहिजे.

म्हणून एकच टायर घेण्यापेक्षा दोन नवे पुढे लावावेत आणि पुढचे अर्धे झिजलेले मागे एका जोडीत घालावेत. रिमोल्ड टायर पुढच्या चाकांवर नको. एकाच आसावर रेडियल आणि नायलॉन यांची मिसळही नको.

पैसे देण्यापूर्वी टायरच्या बाजूवरचा चार आकड्यांचा ठसा वाचावा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात उन्हात पडून राहिलेला टायर नवा दिसतो, रबर मात्र म्हातारे झालेले असते. तोच ठसा स्टेपनीवरही शोधावा. आणि स्टेपनी जुन्या आकाराची राहिली असेल, तर आकार बदलण्याच्या खर्चात तीही धरावी.