शेंगेतील दाण्याचे पोषण

वाटाण्याची कोवळी शेंग उकलली असता प्रत्येक दाणा आखूड देठाने शेंगेच्या कडेस जोडलेला दिसतो. या देठातील रसवाहिन्या थेट गर्भापर्यंत जात असाव्यात, असा समज सहज होतो. परंतु त्या बीजावरणातच संपतात. बीजावरण व गर्भ यांच्या कोशिकांना जोडणारा जीवद्रव्याचा एकही धागा नसतो. पानांतून आलेली शर्करा व ॲमिनो अम्ले बीजावरण मधल्या पोकळीत सोडते. आई वाढते खरी, पण घास लेकरानेच घ्यावयाचा!

हे काम दलिकांच्या बाह्यत्वचेतील कोशिका करतात. त्यांच्या भित्तीला आतून असंख्य घड्या पडल्याने पटलाचे क्षेत्रफळ पुष्कळ वाढते. पटलातील प्रथिने ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतात. ते परतताना शर्करेचे रेणू सोबत आत येतात.

आरंभी बीजावरणातील विकर ऊसशर्करेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करते, तोवर दलिकांत कोशिकाविभाजन चालते. पुढे ऊसशर्करा अखंड मिळू लागली की स्टार्च व प्रथिने साठतात. दाण्यातील कोशिकांची संख्या मात्र पहिल्या टप्प्यातच ठरून जाते. त्या वेळी ओल तुटली तर नंतरचे पाणी ती उणीव पुरती भरून काढीत नाही. भातानंतर उरलेल्या ओलीवर अळसांदे घेणाऱ्या गोव्यातील शेतकऱ्यांनी, एकच पाणी देणे शक्य असल्यास, ते शेंगा धरू लागताच द्यावे.