वर्दीचा हिशेब

लढाई नसली तरी सैनिकाची वर्दी झिजतच असते. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत तयार झालेली गोळी कोठारात राखून ठेवता येते. अंगावरचे कापड कवायत, ऊन, घाम आणि धुलाई यांनी रोज विरत जाते. म्हणून शांतताकाळातला गणवेशाचा पुरवठा साध्या गणितावर चालतो: माणसे किती, प्रत्येकाला जोड किती आणि एक जोड टिकतो किती महिने.

भडगाव तालुक्यातला तरुण भरती होऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्रात किंवा नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात पोहोचला, की त्याला पहिले किट सरकारी भांडारातून मिळते. गणवेश, बूट, मोजे, पट्टा, पीटीचे कपडे, कांबळे, किटबॅग अशी एकेक वस्तू मोजून दिली जाते आणि तिची नोंद होते. कपडे ठरीव मापांत येतात. खांदा उतरला, कंबर सैल पडली, की छावणीतल्या शिंप्याकडून फिटिंग करून घ्यावे लागते. नावाची पट्टी, फीत, कडक इस्त्री हे किरकोळ खर्च तिथूनच सुरू होतात.

वर्दीचा पैसा कोणी भरायचा, हा प्रश्न जुना आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार घोडा आणि हत्यारे स्वतःची आणी. इंग्रजी अमदानीतले शिलेदारी रिसालेही याच धर्तीवर होते: पगार जास्त, पण घोडा आणि पोशाख यांचा भार स्वारावर. शांततेत ही पद्धत सरकारला स्वस्त पडे. पहिल्या महायुद्धात नुकसान एवढे वाढले की ते भरून काढणे स्वारांच्या ऐपतीबाहेर गेले, आणि त्यानंतर ही पद्धत मोडीत निघाली.

पुढे कापड पुरवण्याचे मुख्य काम सरकारी कारखान्यांकडे राहिले. शहाजहानपूर आणि आवडी इथे वस्त्र निर्माणी, तर कानपूर इथे उपकरण निर्माणी आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. कपड्यांचे हे कारखाने कानपूरच्या ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे गेले.

१५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा लढाऊ गणवेश पुढे आला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने ठरवलेल्या या गणवेशाच्या कापडात ७० टक्के कापूस आणि ३० टक्के पॉलिस्टर आहे. पहिले सुमारे ५० हजार जोड मुंबई आणि खडकीसह १५ कॅन्टीन भांडारांतून विक्रीला आले. अधिकाऱ्यांनी ते स्वतः विकत घ्यायचे. जवान आणि ज्युनिअर कमिशन्ड अधिकारी (जेसीओ) यांच्यासाठी ११.७० लाख जोडांच्या सरकारी खरेदीची प्रक्रिया सुरू झाली. एका जोडाचे आयुष्य १५ महिने धरले आहे. म्हणजे १५ वर्षांच्या नोकरीत एका जोडाच्या जागी बारा जोड लागतात. नक्कल रोखण्यासाठी या नक्षीची नोंदणीही करण्यात आली.

खर्चाची दुसरी वाट भत्त्याची. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, गणवेश, धुलाई, बूट असे वेगवेगळे भत्ते एकाच पोशाख भत्त्यात आले: अधिकाऱ्याला वर्षाला २० हजार रुपये, जवानाला १० हजार. ही रक्कम वर्षातून एकदा पगारात जमा होते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचताच, जानेवारी २०२४ पासून, ती २५ टक्क्यांनी वाढली. जवानाच्या १२,५०० रुपयांप्रमाणे दर एक लाख जवानांमागे वर्षाला १२५ कोटी रुपये होतात.

निवृत्त होऊन कजगाव स्थानकावर उतरणाऱ्या जवानाच्या काळ्या पेटीत जुनी वर्दी असतेच. ती आठवण म्हणून ठेवता येते. पण सैनिक नसलेल्याने सैनिक असल्याचे भासवण्यासाठी ती घालणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.