इंजिनाला टर्बो बसवण्यापूर्वी

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की सोनई-घोडेगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. त्या रांगेतून वाट काढताना जुनी डिझेल मोटार किंवा जीप धापा टाकू लागली, की गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : "टर्बो बसवून घ्या, गाडी पळायला लागेल." घरातल्या तरुण मुलाला तो पटतो. वडील खर्चाचा विचार करतात. उसाच्या बिलातले किंवा कांद्याच्या पट्टीतले पैसे त्यात घालण्यापूर्वी हे प्रकरण काय आहे, ते समजून घ्यावे.

इंजिनाचे खरे खाणे

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. पण डिझेलपेक्षा ते हवाच जास्त खाते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल, तेवढीच आत येते. १४०० सीसीचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ते जास्तीत जास्त २१०० लिटर हवा घेईल. त्यापेक्षा जास्त हवा मिळणार नाही आणि हवा नाही तर जादा डिझेलही जळणार नाही. ते काळा धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडेल.

टर्बो काय करतो

टर्बो म्हणजे एकाच दांडीवर बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच दांडीवरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जो धूर एरवी वाया जायचा, त्याच्याकडूनच काम करून घेतले जाते. ही दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि फिरते ती तेलाच्या पातळ थरावर. तेल क्षणभर तुटले तरी तिचे बेअरिंग जाते.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. आधी जहाजे, आगगाड्या आणि मोठे ट्रक यांना टर्बो लागले. मोटारीत ते १९६२ साली अमेरिकेत आले. त्यातल्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या गाडीची हकिकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिच्या पेट्रोल इंजिनाचा मूळचा दाब चढा होता. त्यावर टर्बोची हवा आली, की पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोके देई. म्हणून कंपनीने पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडायची सोय केली व त्याची वेगळी टाकी दिली. मालक ती टाकी भरायला विसरत. ती रिकामी झाली, की गाडीचा जोर कमी होई. शेवटी कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली.

आपल्याकडचा दाखला

पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडला तयार झालेली टाटा इंडिका १९९८ च्या अखेरीस बाजारात आली. तिचे १४०५ सीसीचे डिझेल इंजिन बिनटर्बोचे होते. त्याची ताकद ५३ अश्वशक्तीच्या आसपास. पुढे त्याच मापाच्या इंजिनाला कंपनीने टर्बो जोडला, तो इंडिगो आणि इंडिका या गाड्यांत आला आणि ताकद साठीच्या वर गेली. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला वाटते, "इंजिन तेच, भंगारातून टर्बो आणला की झाले."

इथेच फसगत होते. बाहेरून माप सारखे दिसले, तरी कारखान्यातून टर्बोसह निघणाऱ्या इंजिनाची डिझेल सोडण्याची मापे, तेलाची वाट आणि गारव्याची सोय टर्बो धरून जुळवलेली असते. आपल्या शेतातले उदाहरण घ्या. उसाला नुसता युरिया वाढवला आणि पाणी, स्फुरद, पालाश यांचा मेळ घातला नाही, तर ऊस काळाभोर दिसतो, पण वाऱ्याच्या पहिल्या झोताला लोळतो. इंजिनाचेही तसेच आहे.

कुठे कुठे ताण येतो

नुसता टर्बो बसवला आणि डिझेल वाढवले नाही, तर धूर कमी होतो; पण जोर फारसा वाढत नाही. मग मेकॅनिक डिझेल पंपाचा स्क्रू फिरवतो. गाडी पळते, मालक खूश होतो, आणि तिथूनच इंजिनाच्या पोटात आग वाढू लागते.

१. हवा दाबली की तापते. ३५ अंशांची हवा नुसती दीडपट दाबली, तरी ती ९० अंशांच्या घरात जाते. तिला गार करायला इंटरकूलर लागतो.
२. पिस्टनचा माथा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांच्यावर उष्णता व दाब वाढतो. जुन्या झिजलेल्या इंजिनात गॅस्केट उडते किंवा पिस्टन वितळतो.
३. टर्बोला तेलाची वेगळी नळी द्यावी लागते. परतीची नळी रुंद आणि उताराची हवी. ती तुंबली तर तेल टर्बोतून गळून इंजिनात जाते.
४. टर्बोचे माप इंजिनाशी जुळावे लागते. मोठा टर्बो कमी वेगात हवाच देत नाही. लहान टर्बो जास्त वेगात धूर कोंडतो.
५. क्लच, गिअर बॉक्स आणि ब्रेक जुन्या ताकदीचेच राहतात. वेग वाढला आणि ब्रेक तेच राहिले, तर धोका गाडीत बसलेल्या बायकामुलांना आहे.

पेट्रोल गाडीत तर हे काम आणखी नाजूक. जेटफायरसारखे ठोके सुरू झाले, तर पिस्टन फुटायला वेळ लागत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलाबद्दल पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणाने भरपाई अडवू शकते. गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी कंपन्यांनाही तपासणी करून घ्यावी लागते. आपल्या अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था आणि पुण्याची एआरएआय या तशा अधिकृत संस्था आहेत. गल्लीतल्या जोडकामाला अशी तपासणी कुठली?

गाडी ओढत नसेल तर

आधी स्वस्तातले उपाय करून पाहावेत. एअर फिल्टर काढून बघावा. उसाच्या आणि मुरमाच्या रस्त्यावर तो लवकर चोंदतो. डिझेल फिल्टर बदलावा. नोझल तपासून घ्यावेत. टॅपेटची फट जुळवावी. चाके जॅकवर उचलून हाताने फिरवावीत. ब्रेक धरून राहत असेल तर लगेच कळते. टायरमधली हवा मोजावी. एवढ्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात. तरीही फरक पडला नाही, तर सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिनच झिजले असेल, तर टर्बोचा खर्च त्याच्या दुरुस्तीत घालावा. खरोखरच जास्त ताकद लागत असेल, तर जुनी गाडी विकून कंपनीच्या टर्बोची गाडी पाहावी.

कंपनीचा टर्बो असेल तर

आज बहुतेक नव्या डिझेल मोटारींत आणि कित्येक ट्रॅक्टरांत टर्बो कंपनीकडूनच येतो. तो जपायचा, तर एवढे पाळावे :

— सुरू केल्यावर अर्धा-एक मिनिट रेस करू नये. तेल टर्बोपर्यंत पोचू द्यावे.
— चढ चढून किंवा ओझे ओढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे. नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल करपून त्याचा कोळसा होतो.
— कंपनीने सांगितलेलेच तेल वापरावे आणि ते वेळेवर बदलावे. धुळीत काम जास्त असेल तर मुदतीआधीच.
— फाटका एअर फिल्टर एक दिवसही चालवू नये. बारीक खडा पंख्याची पाती उडवतो.
— निळा धूर, नवी शिट्टी किंवा एकाएकी जोर कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर गाडी थांबवून तपासावी.

घोडेगावच्या बाजारात बैल घेताना आपण नुसती शिंगे पाहत नाही. पाय, दात आणि वशिंड पाहून मगच पैसे मोजतो. टर्बोच्या बाबतीतही घरात सगळ्यांनी मिळून तसाच विचार करावा. गाडी पाच मिनिटे उशिरा पोचली तर बिघडत नाही. पण ऐन हंगामात इंजिन बसले, तर घरचे वर्षाचे गणित बसते.