माईकमागचा हैदराबादी: हर्षा भोगले

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मराठी घरांत घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि उर्दू, शाळेत इंग्रजी चालते. अशाने मुलाची एकही भाषा धड राहणार नाही, अशी काळजी दवाखान्यात आलेले आईबाप माझ्याजवळ बोलून दाखवतात. त्यांना मी हर्षा भोगले यांचे उदाहरण देतो.

भोगले यांचा जन्म १९ जुलै १९६१ चा, हैदराबादच्या मराठी घरातला. वडील फ्रेंच भाषेचे प्राध्यापक, आई मानसशास्त्राची. हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये शिक्षण, उस्मानिया विद्यापीठातून रसायन अभियांत्रिकी आणि पुढे अहमदाबादच्या आय.आय.एम.ची पदविका. विद्यापीठाच्या संघातून ते क्रिकेट खेळले. पण कसोटीपटू झाले नाहीत. एकोणिसाव्या वर्षी हैदराबाद आकाशवाणीवर त्यांनी समालोचन सुरू केले.

रेडिओवर समालोचक हाच श्रोत्याचा डोळा. क्षेत्ररक्षक कुठे उभे आहेत, चेंडू किती वळला, धावसंख्या किती झाली, सारे त्यानेच सांगायचे. तो थांबला की श्रोता अंधारात. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र चौकार प्रेक्षकाला दिसलेलाच असतो. तिथे दिसलेले पुन्हा सांगणे म्हणजे वेळ दवडणे. न दिसलेले तेवढे सांगावे, नाहीतर गप्प बसावे. आम्हा जैनांत भाषासमिती म्हणून एक नियम आहे: हितकारक आणि मोजके बोलावे. चांगल्या समालोचकाला तो न शिकवता कळलेला असतो.

१९९१-९२ मध्ये भारतीय संघ ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय प्रसारण संस्थेने भोगले यांना समालोचनासाठी बोलावले. असे निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय. १९९५ पासून खेळाच्या वाहिनीवर ते घरोघरी पोहोचले. शेजारी नामवंत माजी खेळाडू बसलेले असत. तिथे ज्ञान पाजळण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारले: हा गोलंदाज आत्ताच का आणला? तुमच्या-माझ्या मनातलाच प्रश्न. त्याचे उत्तर खेळाडू देई आणि खेळ आपल्याला उमगे.

एप्रिल २०१६ मध्ये आय.पी.एल.च्या तोंडावर त्यांना समालोचनातून वगळण्यात आले. कारण आपल्याला सांगितलेले नाही, एवढे त्यांनी जाहीरपणे लिहिले. पुढे ते पुन्हा माईकवर आले. ज्याची सारी कमाई आवाजावर, त्याला एका दिवसात गप्प बसवता येते, हे यातून दिसले. कडवट न होता काम करत राहणे हेच मग हाती उरते.

तर पालकहो, भोगले यांनी नाव मिळवले ते इंग्रजीतून, हे खरे. पण हैदराबादचे बहुभाषी वातावरण आणि मराठी घर त्यांच्या आड आले नाही. मूल चार भाषा ऐकत वाढते आहे, तर वाढू द्या. त्यातली एक घरची असू द्या, आणि कोणत्याही भाषेत बोलण्याआधी नीट ऐकायला त्याला शिकवा. माझ्या धंद्यातही रोगी अर्धा ऐकण्यानेच कळतो.