पेशी मिळाली, भांडे अडले

प्रयोगशाळेत प्लेटलेट्स बनवण्याच्या गेल्या तीस वर्षांच्या खटपटीचे श्रेय सहसा मूलपेशींच्या पदरात टाकले जाते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. गाडी सर्वांत जास्त अडली ती भांड्यापाशी. अस्थिमज्जेतली मेगाकॅरिओसाइट ही अवाढव्य पेशी आपले धागे रक्तवाहिनीत सोडते आणि वाहत्या रक्तात त्यांचे तुकडे पडतात. हे तुकडे म्हणजेच प्लेटलेट्स, हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्येच सांगितले होते. १९९४ मध्ये ही पेशी वाढवणारे संप्रेरक, थ्रोम्बोपोएटिन, हाती लागले आणि प्रयोगशाळेत तिच्या वाढीची वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये क्योतोतल्या कोजी एतो यांच्या गटाने आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे वळवून केलेल्या मूलपेशींपासून) गोठवून ठेवता येणारे, हवे तेवढे वाढवता येणारे तिचे वाणच तयार केले. तरीही एकेका पेशीतून झडणाऱ्या प्लेटलेट्स फारच थोड्या होत्या. पीक उभे होते, मळणीच जमत नव्हती. याच गटाने मग जिवंत उंदराच्या अस्थिमज्जेत सूक्ष्मदर्शकातून डोकावून पाहिले. प्लेटलेट्स झडत होत्या त्या रक्ताचा प्रवाह घुसळला जात होता तिथे. त्यावरून वर-खाली हलणाऱ्या पात्यांचे आठ लिटरचे भांडे, म्हणजे बायोरिअॅक्टर, तयार झाले आणि २०१८ मध्ये त्यातून दहा हजार कोटी प्लेटलेट्स निघाल्या. आपले शरीर साधारण एका दिवसात एवढ्याच बनवते.

प्रयोगशाळेतल्या या प्लेटलेट्सवर आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक वजनदार आहे. क्योतोत एका रुग्णाला त्याच्याच पेशींपासून केलेल्या प्लेटलेट्स वाढत्या मात्रेत तीनदा दिल्या गेल्या. २०२२ च्या अहवालानुसार गंभीर दुष्परिणाम झाला नाही, पण प्लेटलेट्सची मोजणी अपेक्षेप्रमाणे वाढलीही नाही. हे अपयश झाकू नये. मात्र ती चाचणी मुख्यतः सुरक्षिततेची होती आणि नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स त्या रुग्णाच्या रक्तात फिरताना आढळल्या. मूलपेशींमुळे कर्करोग होईल, या भीतीलाही उत्तर आहे: प्लेटलेटला केंद्रकच नसते, त्यामुळे देण्याआधी किरणांचा मारा करून चुकून राहिलेल्या पेशी निकामी करता येतात. दाते असताना एवढा खर्च कशाला, असेही विचारतात. या रुग्णाच्या रक्तात इतरांच्या प्लेटलेट्सविरुद्ध प्रतिपिंडे होती, जुळणारा दाता मिळणे जवळपास अशक्य होते. अशांसाठी तरी हे काम थांबता कामा नये.

बाकीच्यांचा आधार आजही दाताच आहे. दान केलेल्या प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवूनही साधारण पाचच दिवस टिकतात. पावसाळ्यानंतर डेंग्यू वाढला आणि रक्तपेढीतून फोन आला, तर नाही म्हणू नका.