अनपेक्षित विजयाचें रहस्य

क्रीडांगणावर एखादा नामांकित संघ नवख्या संघाकडून हरला कीं, प्रेक्षकांच्या तोंडून "नशीब, दुसरें काय!" हा एकच उद्गार बाहेर पडतो. विजय मिळविणाराच्या कष्टांचा हिशेब मांडण्याची गरज कोणासहि वाटत नाहीं. खेळांत नशिबाचा मुळींच भाग नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यास आपण अनपेक्षित विजय म्हणतों, तो बहुधा आपणांसच अनपेक्षित असतो, मिळविणारास नव्हे. हें आमचें म्हणणें एका नव्या खेळाच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. तो खेळ म्हणजे विद्यार्थ्यांच्या आवडीचा आणि पालकांच्या नावडीचा व्हिडिओ गेम, व त्यांतलाहि द्वंद्वयुद्धाचा प्रकार.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाहीं, त्यांच्याकरितां त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. दोघे खेळाडू पडद्यासमोर शेजारीशेजारी बसतात. प्रत्येकजण एकेक लढवय्या निवडतो आणि हाताखालील दांडी व बटणें यांच्या योगानें त्यास लढवितो. पडद्याच्या वरच्या भागांत दोघांच्याहि शक्तीची एकेक पट्टी दिसते. मार बसेल तसतशी ती आखूड होत जाते आणि पट्टी संपली कीं ती झटापट हरली. अशा दोन किंवा तीन झटापटी जिंकल्या म्हणजे एक डाव होतो आणि ठरलेले डाव जिंकले म्हणजे सामना होतो. पडद्यावरील चित्र एका सेकंदांत साठ वेळां बदलतें आणि पेंच टाकण्यास किंवा तो अडविण्यास कित्येकदां त्यांतील चारसहा चित्रांइतकाच अवकाश मिळतो. म्हणून येथें नुसती बोटांची चपळाई पुरत नाहीं. प्रतिपक्षी आतां काय करील हें आधींच ताडावें लागतें. कुस्तीचे डावपेंच आणि बुद्धिबळांतील दूरदृष्टि हीं दोन्हीं या खेळांत एकत्र आलीं आहेत.

या खेळाची सर्वांत नांवाजलेली आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे अमेरिकेंतील ‘इव्होल्यूशन चॅम्पियनशिप सीरीज’. तिला संक्षेपानें ‘इव्हो’ असें म्हणतात. सन १९९६ मध्यें कॅलिफोर्निया संस्थानांतील सनीव्हेल येथें अवघ्या ४० खेळाडूंनीं तिचा आरंभ केला. त्या वेळीं तिचें नांव ‘बॅटल बाय द बे’ असें होतें; सन २००२ पासून आजचें नांव रूढ झालें आणि सन २००५ पासून ती लास व्हेगास शहरीं भरूं लागली. सन २०२३ मध्यें तेथें ‘स्ट्रीट फायटर ६’ या एकाच खेळासाठीं सात हजारांहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं. या स्पर्धेस कोणाची शिफारस लागत नाहीं. प्रवेशशुल्क भरणारा कोणीहि पहिल्या फेरींत उतरूं शकतो आणि त्याच्यासमोर मागील वर्षाचा विजेताहि येऊं शकतो. मोठमोठे खेळाडू अनोळखी माणसाकडून पराभूत होतात, याचें एक कारण हा खुला दरवाजा होय. दुसरें कारण असें कीं, आरंभींच्या फेऱ्यांत तीनपैकीं दोन डाव जिंकले कीं सामना संपतो. प्रतिपक्ष्याची रीत समजून घेईपर्यंतच कित्येकांचा निकाल लागून जातो.

मात्र स्पर्धेच्या चालकांनीं एक उत्तम सोय ठेविली आहे. तेथें एका पराभवानें कोणी बाद होत नाहीं. जो हरतो तो पराभूतांच्या रांगेंत जातो व तेथून खेळत राहतो. दुसऱ्यांदां हरला म्हणजे मात्र त्यास घरीं जावें लागतें. शेवटीं अपराजितांतील एक आणि पराभूतांच्या रांगेंतून वर आलेला एक असे दोघे समोरासमोर येतात. अपराजितानें एक सामना जिंकला तरी पुरतो. दुसऱ्यास मात्र लागोपाठ दोन जिंकावे लागतात. झालेली चूक भरून काढण्यास वाट आहे, पण तिचें मोल दुप्पट आहे, असा हा नियम आहे. पुढील हकीकत समजण्यास तो ध्यानांत ठेवावा.

सन २००४ मध्यें ही स्पर्धा कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें भरली होती. पराभूतांच्या रांगेंतील अखेरचा सामना जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांच्यामध्यें लागला. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’. एका झटापटींत दाइगोच्या लढवय्याची शक्ति इतकी उरली होती कीं, पट्टींत ती जेमतेम दिसत होती. अशा वेळीं वाँगनें आपला सर्वांत प्रखर हल्ला सोडला. त्यांत एकामागून एक पंधरा आघात होते. हा हल्ला नुसता अडविला तरी थोडीशी शक्ति खर्च होतेच आणि दाइगोपाशीं तेवढीहि शिल्लक नव्हती. एकच उपाय होता. प्रत्येक आघाताच्या ऐन क्षणीं दांडी प्रतिपक्ष्याच्या दिशेनें ढकलली, तर तो आघात निष्फळ होतो. मात्र क्षण किंचित् चुकला तर मार पुरता बसतो. दाइगोनें पंधराहि आघात असेच परतविले. शेवटचा तर उडी मारून हवेंत परतविला आणि लगेच उलट मारा करून झटापट जिंकली. सभागृहांत जो गजर झाला, त्याचें चित्रण आज जगभर पाहिलें जातें.

हा चमत्कार होता काय? पाहणारांस तसें वाटलें. परंतु ज्याच्या बोटांस त्या हल्ल्याचा ताल पाठ नाहीं, त्यास तें साधणें अशक्य होतें. पहिला आघात पाहून मग हात हालवूं म्हटल्यास वेळ टळून जाते. तो येणार हें आधींच ओळखावें लागतें. ही ओळख एका दिवशींची नव्हे. या प्रसंगाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, कारण लोक ती विसरतात. एवढा पराक्रम करूनहि दाइगोस त्या वर्षींचें अजिंक्यपद मिळालें नाहीं. अंतिम सामन्यांत केंजी ओबाता या त्याच्याच देशबांधवानें त्यास हरविलें. एक थोर क्षण म्हणजे संपूर्ण विजय नव्हे.

किंबहुना विजयाचा क्षण ओळखण्यांतहि माणसें चुकतात. सन २०१५ मध्यें ‘गिल्टी गिअर’ या खेळांत वोशिगे व ओगावा या जपानी खेळाडूंचा सामना चालला होता. एक झटापट जिंकतांच आपण सामनाच जिंकला असें वोशिगेस वाटलें व तो आनंदानें खुर्चीवरून उठला. पडद्यावर मात्र पुढची झटापट सुरू झाली होती! तो सांवरून बसेपर्यंत ओगावानें प्रहारास प्रारंभ केला होता. सामना ओगावाच्या हातीं गेला आणि पुढें त्या खेळाचें त्या वर्षींचें अजिंक्यपदहि त्यासच मिळालें. उत्तरपत्रिका पुन्हा न वाचतां टेबलावर ठेवणाऱ्या आमच्या कांहीं मित्रांनीं या गोष्टीचा विचार करावा.

आतां ज्या उदाहरणावर आमचा मुख्य भर आहे तें सांगतों. ‘टेकन’ या दुसऱ्या एका द्वंद्वखेळांत पुष्कळ वर्षें दक्षिण कोरिया आणि जपान यांचेंच वर्चस्व होतें. सन २०१९ च्या फेब्रुवारींत इव्हो संस्थेची जपानी स्पर्धा फुकुओका येथें भरली. तीत लाहोरचा अर्सलान सिद्दीक नांवाचा तरुण उतरला. या खेळाच्या जगांत तो ‘अर्सलान अॅश’ या नांवानें ओळखला जातो. पण त्या दिवशीं त्यास ओळखणारे फार थोडे होते. व्हिसाच्या व विमानांच्या अडचणी सोशीत तो थकून भागून जपानांत पोंचला होता. वाटेंत पाकिस्तानी रुपये बदलून मिळेनात, म्हणून उपाशीं राहण्याचीहि पाळी त्याजवर आली होती. अशा स्थितींत त्यानें एकेक नामांकित खेळाडू मागें टाकीत अंतिम सामना गांठला आणि फिलिपाइन्सच्या एके या खेळाडूस हरवून अजिंक्यपद मिळविलें.

सर्वत्र आश्चर्य झालें. त्याहून अधिक आश्चर्य पुढेंच होतें. अर्सलाननें सांगितलें कीं, आपल्या देशांत आपल्या तोडीचे आणखीहि खेळाडू आहेत, फक्त त्यांस बाहेर येण्यास मिळत नाहीं. ही कोणास नम्रता वाटली, तर कोणास बढाई. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें लास व्हेगास येथील मुख्य स्पर्धेंतहि तो जिंकला आणि तेथें अंतिम सामन्यांत त्यानें हरविलेला खेळाडू म्हणजे कोरियाचा विख्यात बे जे-मिन. पुढें सन २०२५ च्या लास व्हेगास येथील स्पर्धेंत ‘टेकन ८’ च्या अंतिम सामन्यास समोरासमोर बसलेले दोघेहि पाकिस्तानचेच होते, अर्सलान आणि आतिफ! अर्सलानचें बोलणें अक्षरशः खरें ठरलें होतें. सन २०१९ मध्यें ज्यास नशीब म्हटलें गेलें, तेंच सहा वर्षांनीं सर्वांस स्वाभाविक वाटूं लागलें.

याचें मर्म काय? लाहोरच्या खेळघरांत ही मुलें वर्षानुवर्षें एकमेकांशीं खेळत होतीं. एकानें नवा पेंच शोधावा, दुसऱ्यानें त्यावर तोड काढावी, मग पहिल्यानें त्या तोडीवरहि तोड काढावी, असा क्रम चालला होता. बाहेरचें जग त्यांस चित्रफितींतून दिसत होतें. पण बाहेरच्या जगास ते दिसत नव्हते. म्हणून सामन्यास बसतांना एका बाजूस प्रतिपक्ष्याची पूर्ण माहिती होती आणि दुसऱ्या बाजूस पूर्ण अज्ञान. पवित्र शास्त्रांतील दावीद व गल्याथ यांची कथा आमच्या वाचकांस परिचित आहेच. गल्याथास समोर एक पोर दिसलें. मेंढरें राखतांना त्या पोरानें सिंह आणि अस्वल मारलें होतें, हें त्यास कोठें ठाऊक होतें? दावीदाची श्रद्धा मोठी होती यांत संशय नाहीं. पण गोफण त्याच्या हातीं त्याच दिवशीं प्रथम आली नव्हती.

पराभवानंतर काय करावें, याचेंहि एक उदाहरण देऊन हा लेख आटोपता घेतों. सन २०१७ मध्यें ‘स्ट्रीट फायटर ५’ या खेळांत अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण व्हिक्टर वुडली, खेळांतील नांव ‘पंक’, अपराजित राहून अंतिम सामन्यापर्यंत आला. त्याचें वर्चस्व पाहून तोच जिंकणार असें बहुतेकांनीं ठरवून टाकलें होतें. त्याच्यासमोर आला तोकिदो. हा जपानी खेळाडू तोक्यो विद्यापीठाचा पदवीधर होय. तोकिदो पराभूतांच्या रांगेंतून आला होता, तेव्हां वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें त्यास लागोपाठ दोन सामने जिंकणें भाग होतें. त्यानें ते जिंकले. पंकला अश्रु आंवरेनात. पण तो खेळ सोडून गेला नाहीं. सात वर्षांनीं, सन २०२४ मध्यें, लास व्हेगास येथेंच ‘स्ट्रीट फायटर ६’ चें अजिंक्यपद त्यानें मिळविलें. स्पर्धेचा नियम एका दिवसापुरती दुसरी संधि देतो; त्यानें ती स्वतःच स्वतःस सात वर्षें देऊं केली.

हा लेख वाचून कोणी अभ्यास टाकून पडद्यासमोर बसावें अशी आमची मुळींच इच्छा नाहीं. वर ज्यांचीं नांवें आलीं, त्यांच्यासारखे हजारों खेळाडू पहिल्या दोन सामन्यांतच घरीं परततात, हेंहि विसरूं नये. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलगा किंवा मुलगी एखाद्या स्पर्धेंत वा परीक्षेंत हरून आल्यास त्याच दिवशीं निकाल ठरवून टाकूं नये. कोठें चुकलें, कोणाबरोबर सराव केला, पुढें काय करणार, एवढें शांतपणें विचारावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, पुढील वर्षीं आंतरशालेय सामन्यांत ज्या गांवाचें नांवहि आपण ऐकलें नाहीं, तेथील संघ समोर उभा राहिला, तर हसूं नये. त्या गांवांतील मैदानावर रोज संध्याकाळीं काय चाललें होतें, हें आपणांस ठाऊक नसतें.