सुटणाऱ्या गाठी : सजीवांतील रेणूंची धरसोड

पाठ्यपुस्तकांत रासायनिक बंधांचे प्रकरण बहुधा एकाच क्रमाने येते : आधी इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीतून होणारा आयनिक बंध, मग इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणारा सहसंयुज बंध, आणि पाने संपत आली की शेवटच्या परिच्छेदात हायड्रोजन बंध व व्हॅन डर वाल्स बल यांची धावती ओळख. मीठ, हिरा किंवा प्लास्टिक समजून घ्यायचे असेल तर हा क्रम ठीकच आहे. परंतु सजीवांच्या शरीराकडे वळताच तो पुरेसा ठरत नाही. रेणू कोणता आहे हे बळकट बंध ठरवतात. पण तो कोणती घडी घालून बसेल, कोणाला ओळखेल, किती वेळ धरून ठेवील आणि केव्हा सोडून देईल, हे सारे दुर्बल बंधांच्या हाती असते. व्यवहारात ‘धरसोड’ हा दोष मानला जातो. पेशीचे मात्र सगळे कामकाज धरसोडीवरच चालते, आणि म्हणून जीवशास्त्राचा पुष्कळसा ऐवज त्या उरकून टाकलेल्या परिच्छेदात सापडतो.

दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची एक जोडी सामाईक ठेवली की सहसंयुज बंध होतो, ही कल्पना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. कार्बनचे दोन अणू जोडणारा असा एक बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक असून एका मोलात सहावर तेवीस शून्ये मांडावीत इतके रेणू असतात. या आकड्याची तुलना शरीराच्या उष्णतेशी करावी लागते. ३७ अंश सेल्सिअसला रेणूंची जी अखंड थरथर चालू असते, तिची ऊर्जा मोलमागे जेमतेम अडीच किलोज्यूल भरते. म्हणजे सहसंयुज बंध या थरथरीहून शंभर पटींपेक्षाही अधिक बळकट असतो आणि तो आपसूक कधी तुटत नाही. तो तोडायचा तर विकराची, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया सुकर करणाऱ्या प्रथिनाची, मदत घ्यावी लागते. हायड्रोजन बंध मोलमागे सुमारे २० किलोज्यूलचा, तर व्हॅन डर वाल्स आकर्षण दोन-चार किलोज्यूलचे, म्हणजे थरथरीच्या जवळपास बरोबरीचे. एकटा असा बंध टिकत नाही, पण अनेक एकत्र आले तर टिकतात, आणि त्यांतला एखादा ढळला की सगळी जुळणी सुटू शकते. सजीवांना नेमके असेच काहीतरी हवे असते.

हायड्रोजन बंधाचे मूळ पाण्याच्या रेणूत पाहणे सोपे जाते. ऑक्सिजनचा अणू सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे अधिक ओढतो, त्यामुळे त्याच्यावर किंचित ऋण आणि दोन्ही हायड्रोजनांवर किंचित धन प्रभार येतो. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. १९२० साली लॅटिमर आणि रोडेबुश यांनी पाण्याच्या गुणधर्मांची संगती या कल्पनेने लावली. पाण्याशी साधर्म्य असलेले हायड्रोजन सल्फाइड शून्याखाली ६० अंशांनाच उकळते. पाणी १०० अंशांपर्यंत तग धरते ते या गाठींमुळे. द्रव पाण्यातली एकेक गाठ मात्र सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागाच्या आसपास टिकते आणि लगेच दुसरीकडे बांधली जाते. इतक्या परिचित बंधाची व्याख्या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेला २०११ साली नव्याने करावी लागली, आणि त्या कामाचे नेतृत्व बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन यांच्याकडे होते. जुन्या व्याख्यांत न बसणारे कितीतरी दुर्बल हायड्रोजन बंध तोपर्यंत उजेडात आले होते.

पाण्याची ही आपसांतली ओढ लक्षात घेतली नाही तर दुसरे एक बल नीट कळत नाही. आमटीवर तेलाचा तवंग येतो तेव्हा तेल पाण्याचा द्वेष करते असे समजले जाते, आणि ‘जलद्वेषी’ हा पारिभाषिक शब्दही तोच समज पक्का करतो. वस्तुतः तेलाच्या रेणूला पाण्याचे वावडे नसते. पाण्याच्या रेणूंना मात्र तेलाशी हायड्रोजन बंध करता येत नाही, त्यामुळे तेलाभोवतीच्या पाण्याला आपल्या गाठी राखण्यासाठी मोजक्याच दिशांना तोंड करून उभे राहावे लागते आणि त्याचे स्वातंत्र्य घटते. तेलाचे थेंब एकत्र आले की असे जखडलेले पाणी मोकळे होते, एन्ट्रॉपी म्हणजे रेणूंच्या संभाव्य मांडण्यांची विपुलता वाढते, आणि म्हणून तेल तेलाला मिळते. तेव्हा ‘जलद्वेषी बंध’ नावाचा वेगळा बंध नाही. तो पाण्याच्या वागण्याचा परिणाम आहे. प्रथिनांची घडी पडण्यामागे हाच परिणाम प्रमुख असल्याचे प्रतिपादन वॉल्टर काउझमन यांनी १९५९ साली केले. पेशीचे पटलही त्याच न्यायाने उभे राहते : स्निग्ध रेणूंच्या शेपट्या आत आणि जलप्रेमी डोकी बाहेर असे दोन थर एकमेकांना पाठ लावून बसतात. ही द्विस्तरीय रचना डच संशोधक गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या पेशींतील स्निग्धांशाचे क्षेत्रफळ मोजून सुचवली. या पटलात बहुतेक रेणू शेजाऱ्याशी सहसंयुज बंधाने जोडलेले नसल्यामुळे ते आपल्या थरात सरकत राहतात आणि पटल फाटले तरी पुन्हा सांधले जाते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची सहसंयुज बंधांनी ओवलेली माळ. पण माळ काम करत नाही, तिची घडी काम करते. लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली दाखवून दिले की माळेतील अणू ठरावीक अंतरावर हायड्रोजन बंध साधत गेले तर ती आपोआप मळसूत्रासारखी वळते. क्रिश्चन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची घडी रसायनांनी पुरती मोडली, ती रसायने काढून घेतली आणि विकर पुन्हा आपला आपण घडीत येऊन काम करू लागल्याचे दाखवले. घडीची कृती माळेतच लिहिलेली असते हे त्यातून सिद्ध झाले आणि १९७२ चे नोबेल त्यांना मिळाले. नवल वाटावे ते या घडीच्या तोलाचे. शेकडो दुर्बल बंधांची बेरीज आणि माळेच्या गमावलेल्या स्वातंत्र्याची वजाबाकी केल्यावर हाती उरणारी स्थिरता मोलमागे २० ते ६० किलोज्यूल, म्हणजे एक ते तीन हायड्रोजन बंधांइतकीच असते. अंडे उकडताना एकही अमिनो आम्ल माळेतून सुटत नाही, फक्त घडी मोडते, आतली जलद्वेषी अंगे उघडी पडून एकमेकांना चिकटतात आणि पांढरा बलक घट्ट होतो. जिथे टिकाऊपणा हवा तिथे निसर्ग गंधकाच्या दोन अणूंमधला सहसंयुज टाका घालतो. केसांतले केराटिन त्याचे उदाहरण असून केस कायमचे कुरळे करणारी रसायने हेच टाके उसवून नव्या जागी घालतात.

व्हॅन डर वाल्स बल सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत सार्वत्रिक. इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हेलकाव्यांतून ते उपजते आणि अणू अगदी लगटून आले तरच जाणवते. भिंतीवरची पाल छताला उलटी चालते ती याच्या जोरावर : २००२ साली अमेरिकेत टोकाय जातीच्या पालीवर झालेल्या प्रयोगांत तिचे पाय जलप्रेमी आणि जलद्वेषी अशा दोन्ही पृष्ठभागांना सारखेच चिकटतात असे आढळले, म्हणजे डिंकाचा किंवा ओलाव्याचा प्रश्न उरला नाही. पालीच्या पायांवरील लाखो केसांची टोके पुन्हा शेकडो सूक्ष्म पात्यांत विभागलेली असतात, आणि इतक्या ठिकाणी लगट झाली की क्षुल्लक बलही अंगाचे वजन पेलते. अतिजवळीक झाली की मात्र अणू एकमेकांना उलट ढकलतात, आणि या ढकलण्याचा सर्वांत फलदायी उपयोग भारतात झाला. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४-५५ मध्ये त्वचा, हाडे व स्नायुबंध यांतील कोलॅजन हे तीन पेडांचे असल्याचे मांडले. त्यावर रिच आणि क्रिक यांनी आक्षेप घेतला की त्या रचनेत काही अणू नको इतके जवळ आले आहेत. रामचंद्रन यांनी तेव्हा अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात याचा शोध अनेक स्फटिकरचनांतून घेतला, आणि त्यातून १९६३ साली रामकृष्णन व शशिशेखरन यांच्यासह प्रथिनाच्या माळेला कोणकोणत्या कोनांत वळता येते याचा नकाशा सिद्ध केला. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना निश्चित झाली की ती ‘रामचंद्रन आलेखा’वर तपासून घेतात. आक्षेपाला इतके विधायक उत्तर विज्ञानातही क्वचितच दिले जाते.

डीएनएच्या गोफाची कथा वारंवार सांगितली गेली आहे. तिच्यातला बंधांचा धागा मात्र बहुधा निसटतो. पॉलिंग यांनी फेब्रुवारी १९५३ मध्ये तीन पेडांची रचना प्रसिद्ध केली आणि फॉस्फेटचे गट मध्यभागी ठेवून त्यांच्यात हायड्रोजन बंध कल्पिले. पेशीतल्या स्थितीत हे गट ऋण प्रभारित असतात आणि एकमेकांना दूर लोटतात. हायड्रोजन बंधाचा सर्वांत मोठा जाणकार साध्या प्रभाराच्या हिशेबात चुकला. उलट याच रचनेचा शोध घेणाऱ्या वॉटसन यांच्याजवळच्या पुस्तकात बेसांमधील, म्हणजे पेडांवरील जोड्या जुळवणाऱ्या घटकांमधील, हायड्रोजन चुकीच्या अणूंवर दाखवलेले होते, आणि ती चूक जेरी डोनह्यू यांनी लक्षात आणून दिल्यावर जोड्या जुळल्या : अ‍ॅडेनिनची थायमिनशी, ग्वानिनची सायटोसिनशी. पहिल्या जोडीत दोन हायड्रोजन बंध असतात, दुसरीत तीन. हा तिसरा बंध ठामपणे दाखवला तो १९५६ साली पॉलिंग आणि कोरी यांनी. गोफ या बंधांनीच उभा आहे असे सर्रास लिहिले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. सुटे बेस पाण्याशीही हायड्रोजन बंध करतात, त्यामुळे एकमेकांशी केल्याने निव्वळ लाभ थोडाच होतो. गोफाला खरा आधार मिळतो तो सपाट बेस चवडीसारखे एकावर एक रचले जाण्याने. हायड्रोजन बंधांकडे काम राहते ते अचूकतेचे, म्हणजे चुकीची जोडी जुळू न देण्याचे. कोरोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेली पीसीआर चाचणी सुमारे ९५ अंशांना दोन धागे सोडवते आणि तापमान उतरवून पुन्हा जुळवते. पेडांतला एकही सहसंयुज बंध त्यात तुटत नाही.

दुर्बल बंधाच्या एका बदलाने काय होते याचे उदाहरण महाराष्ट्रालाही परके नाही. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या भागांतील आदिवासी व इतर काही समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजाराला पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली ‘रेणवीय आजार’ म्हटले, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी नेमका दोष शोधला : हिमोग्लोबिनच्या १४६ अमिनो आम्लांच्या बीटा माळेत सहाव्या जागी ऋण प्रभारित ग्लुटामिक आम्लाऐवजी जलद्वेषी व्हॅलिन येते. हे व्हॅलिन हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर उघडे राहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक जलद्वेषी खोबण तयार होते, तीत हे व्हॅलिन जाऊन बसते, आणि रेणूला रेणू लागत लांब तंतू बनतात, जे तांबड्या पेशीला विळ्याचा आकार देतात. फुप्फुसांत प्राणवायू मिळाला की खोबण मिटते आणि तंतू विरघळतात. तंतू धरायला काही अवधी लागतो. तेवढ्यात पेशी केशवाहिन्या ओलांडून गेली तर अनर्थ टळतो. हा अवधी पेशीतील हिमोग्लोबिनच्या संहतीवर, म्हणजे दाटपणावर, विलक्षण अवलंबून असतो. संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या प्रमाणात तो घटतो. म्हणूनच या रुग्णांना भरपूर पाणी पिण्याचा आग्रह केला जातो : पेशीतले पाणी थोडे जरी आटले तरी तंतू फार लवकर धरतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, आणि ते या तंतूंत बसत नसल्यामुळे त्यांची वाढ खुंटते.

औषधांकडे पाहताना एमिल फिशर यांची १८९४ ची कुलूप-किल्लीची उपमा अजून दिली जाते : विकर हे कुलूप, त्यात बसणारा रेणू ही किल्ली. किल्ली शिरताना कुलूपही आकार बदलते, ही दुरुस्ती डॅनियल कॉशलँड यांनी १९५८ साली केली. काही औषधे मात्र किल्लीसारखी फिरत नाहीत, कुलपातच रुतून बसतात : पेनिसिलिन जिवाणूची भिंत विणणाऱ्या विकराशी सहसंयुज बंध करते, अ‍ॅस्पिरिनही आपला अ‍ॅसिटिल गट विकराला कायमचा चिकटवते. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाची रीत याहून सौम्य आहे. बोर्निओतील मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेले हे औषध १९५८ पासून वापरात आले. ते विकराला हात लावत नाही. भिंतीच्या कच्च्या मालाच्या शेपटाकडील दोन अ‍ॅलानिनांना पाच हायड्रोजन बंधांनी धरून ठेवते, आणि भिंत अपुरी राहते. सुमारे तीस वर्षे प्रतिकार दिसला नाही, तो १९८० च्या दशकाअखेरीस काही जिवाणूंत दिसला. त्यांनी शेवटच्या अ‍ॅलानिनच्या जागी लॅक्टिक आम्ल आणले होते. म्हणजे एका ठिकाणी नायट्रोजन व त्याचा हायड्रोजन जाऊन ऑक्सिजन आला. पाचांतली एक गाठ गेली आणि औषधाची पकड हजारपटीने ढिली झाली.

एका गाठीने इतका फरक का पडावा, याचा उलगडा अमेरिकेतील डेल बोगर आणि सहकाऱ्यांनी केला. हजारपटींपैकी गाठ गमावल्याचा वाटा दहापटींचा होता. उरलेली शंभरपट नव्या ऑक्सिजनमुळे आली होती, कारण औषधाच्या बाजूलाही तिथे समोर ऑक्सिजनच होता आणि दोघांच्या इलेक्ट्रॉनांनी एकमेकांना दूर लोटले. आकर्षण गेल्यापेक्षा अपकर्षण आल्याने अधिक नुकसान झाले होते. मग या गटाने २००६ साली व्हँकोमायसिनमधला तो एक ऑक्सिजन अणू काढून त्याच्या जागी दोन हायड्रोजन बसवले. तसे केल्याने मूळ शेपटाशी होणारी एक गाठ सोडून द्यावी लागली आणि तिथली पकड काहीशी कमी झाली, पण लोटणारा ऑक्सिजन उरला नाही, आणि नवे औषध अ‍ॅलानिन व लॅक्टिक आम्ल अशा दोन्ही शेपटांना धरू लागले.